बास्केट कोणामुळे झाली? सांघिक बचाव कसा वाचायचा आणि कोचला जाब केव्हा विचारायचा

बास्केटबॉलच्या सामन्यात बास्केट झाली की कॅमेरा रिंगखालच्या उंच खेळाडूवर जातो. त्याचे दोन्ही हात वर, चेंडू डोक्यावरून जाळीत, आणि पाहणाऱ्यांचा निकाल तयार: याला डिफेन्स येत नाही. खरं तर तो बहुतेक वेळा दुसऱ्याची चूक सावरायला धावून आलेला असतो. भगदाड चार-पाच सेकंद आधी, रिंगपासून वीस-पंचवीस फुटांवर पडलेलं असतं. म्हणून पहिली सवय लावायची ती मागे जाण्याची. रेकॉर्ड केलेला सामना बास्केटपासून आठ सेकंद मागे न्या, आणि या वेळी चेंडूकडे पाहूच नका.

चेंडू उजवीकडे असेल तर नजर डावीकडे ठेवा. तिथले दोन बचावपटू आपापल्या माणसाला चिकटून उभे असतील तर मदतीला कोणीच नाही. चांगल्या संघात यांतला एक जण रिंगच्या जवळ, पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) कडेला सरकलेला दिसतो. त्याला लो मॅन म्हणतात. दुसरा फ्री थ्रो रेषेच्या मध्याकडे झुकलेला असतो. लाकडी कोर्टावर आखणीसाठी त्या जागी खिळा असतो, म्हणून त्या जागेचं नाव नेल. चेंडू आणि आपला माणूस, दोघेही मान न वळवता दिसतील असा कोन त्यांनी धरला आहे का, ते पाहा. ज्याची पाठ चेंडूकडे आहे, तो मदतीला उशिराच पोहोचणार.

एक पिक अँड रोल, सावकाश

समजा, उजव्या बाजूला पिक अँड रोल चालू आहे: चेंडूवाल्याचा साथीदार त्याच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो (हा स्क्रीन) आणि मग रिंगकडे धावतो (हा रोल). हल्ला करणाऱ्यांचे दोन नेमबाज दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि तिसरा डाव्या विंगवर, म्हणजे कोपऱ्याच्या वरच्या बाजूला. बचाव करणारा सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, ‘ड्रॉप’मध्ये आहे, म्हणजे स्क्रीनपाशी न येता फ्री थ्रो रेषेच्या आत मागे थांबला आहे. आता क्रम असा:

१. स्क्रीन लागायच्या आधी चेंडूवरचा बचावपटू ड्रिबल करणाऱ्याच्या अंगाला अंग लावून असायला हवा. हातभर अंतर पडलं तर तो स्क्रीनवर आदळतो आणि पुढचे तीन सेकंद त्याचा संघ चार जणांत खेळतो. ‘सेंटर हरला’ म्हणून ओरड होते त्या बऱ्याच बास्केटची सुरुवात इथे असते.

२. त्याने स्क्रीनच्या वरून जाऊन मागून पाठलाग करायचा. सेंटरचं काम दोघांच्या मधे राहून वेळ काढायचं. इथे सेंटरला झेप घेऊन ब्लॉक करायची घाई झाली की चेंडू त्याच्या डोक्यावरून रोल करणाऱ्याकडे जातो.

३. रोल करणाऱ्याने फ्री थ्रो रेषा ओलांडली की डाव्या कोपऱ्याचा बचावपटू, म्हणजे लो मॅन, आत येऊन त्याला छातीने अडवतो. याला टॅग म्हणतात. टॅग उशिरा झाला तर डंक. टॅग करून तो तिथेच रेंगाळला तर कोपऱ्यातून मोकळा थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट.

४. लो मॅन आत असेपर्यंत डाव्या विंगचा बचावपटू एकटा दोन नेमबाज सांभाळतो. पास कोपऱ्यात गेला तर तो कोपऱ्याकडे धावतो आणि लो मॅन विंगकडे. दोघांच्या वाटा फुलीसारख्या छेदतात, म्हणून त्याला एक्स-आउट म्हणतात. दोघेही कोपऱ्याकडे धावले तर ती बोलण्यातली चूक असते. ती टीव्हीवर ओळखायची खूण म्हणजे पुढच्या क्षणी दोघे एकमेकांकडे हात पसरून पाहतात.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, कोपऱ्यातली थ्रीची रेषा रिंगपासून २२ फुटांवर आहे आणि कमानीवर ती २३ फूट ९ इंच आहे. कोपरा जवळ असल्यामुळे हल्ला तिथेच चेंडू पोहोचवू पाहतो. पेंटच्या कडेवरून तिथे परत जायला लो मॅनला चौदा-पंधरा फूट धावावं लागतं, आणि कडक पासला सेकंदही लागत नाही. म्हणून मोकळा कॉर्नर थ्री पडला की आधी एवढंच विचारा: लो मॅन योग्य वेळी आत गेला होता का? तो वेळेवर गेला, दुसऱ्याने त्याची जागा भरली आणि तरीही पास अचूक आला, तर टाळी पास देणाऱ्याला द्यायची. बचावात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

ड्रॉप ही फक्त एक पद्धत झाली. प्रत्येक पद्धत काहीतरी मुद्दाम सोडून देते, आणि जे मुद्दाम सोडलंय त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. ड्रॉपमध्ये मधल्या अंतरावरचा जंप शॉट सोडलेला असतो. स्विचमध्ये, म्हणजे स्क्रीनवर बचावपटूंनी आपापले माणूस अदलाबदल केले की, बुटक्या गार्डला सेंटरसमोर उभं राहावं लागतं आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) महाग पडतो. चेंडूवर दोघांनी झडप घातली, म्हणजे ट्रॅप केला, तर मागे चार विरुद्ध तीन उरतात. ‘आइस’मध्ये चेंडूवरचा खेळाडू स्क्रीनच्या बाजूला आडवा उभा राहून ड्रिबल करणाऱ्याला साइडलाइनकडेच ढकलतो आणि सेंटर खाली वाट अडवून बसतो. टॉम थिबोडो २००७-०८ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे सहायक कोच होते. चेंडूची बाजू माणसांनी भरून टाकणाऱ्या त्यांच्या बचावावर तो संघ त्या मोसमात विजेता झाला, आणि पुढे बाकीच्यांनीही तीच वाट धरली. आइसमध्ये चेंडू मधे शिरला तर दोष चेंडूवरच्या माणसाचा असतो, सेंटरचा नाही. सेंटर साइडलाइनच्या बाजूला उभा आहे कारण त्याला तसंच सांगितलंय.

क्लोजआउटकडेही, म्हणजे मोकळ्या नेमबाजाकडे धावून जाण्याकडेही, बारकाईने पाहा. नेमबाजाकडे पहिली दोन-तीन पावलं पूर्ण वेगाने, मग शेवटची दोन-तीन छोटी आणि पटापट, कंबर खाली, नेमबाजाच्या हाताकडचा एक हात वर. शेवटपर्यंत पूर्ण वेगात धावणारा खेळाडू टीव्हीवर फार मेहनती दिसतो. पण एका पंप फेकने (शॉट टाकण्याच्या हुलकावणीने) तो उडून जातो आणि संघ पुन्हा चार जणांत. उलट लवकर थांबून दोन हात अंतर राखणारा आळशी दिसतो. समोरचा कच्चा नेमबाज असेल तर तेच बरोबर असतं.

नियमाचा एक फरक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात शालेय, कॉलेज आणि राज्य पातळीवरचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, आणि त्यांत बचावासाठी तीन सेकंदांचा नियम नाही. सेंटर हवा तितका वेळ पेंटमध्ये उभा राहू शकतो. एनबीएने २००१-०२ च्या मोसमात झोनला (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला) परवानगी दिली आणि सोबत हा नियम आणला: कोणाला प्रत्यक्ष गार्ड करत नसाल तर पेंटमध्ये सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. उल्लंघन झालं की टेक्निकल फाउल, एक फ्री थ्रो, आणि चेंडू पुन्हा समोरच्याकडे. सकाळच्या चहाबरोबर एनबीए पाहताना सेंटर मधेच पेंटबाहेर पाऊल टाकून परत येतो, ते याच्यासाठी.

वही

आठवणीवर विसंबू नका. आठवणीत फक्त डंक आणि शेवटची दोन मिनिटं उरतात. वहीत पाच रकाने आखा: घड्याळ, समोरच्याने काय खेळलं, पहिली फट कुठे पडली, कोणाकडून, शेवटी काय झालं. एका क्वार्टरमधले वीस पझेशन, म्हणजे समोरच्याकडे चेंडू आल्यापासून जाईपर्यंतचे वीस डाव, पुरेत. शॉट हुकला तरी नोंद करा. फट पडली पण नेमबाज चुकला, तर बचाव सुटला एवढंच, चांगला झाला नाही.

वीस ओळी भरल्यावर चौथा रकाना वरून खाली वाचा. एकाच खेळाडूचा नंबर पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्न त्या खेळाडूचा आहे, किंवा त्याला मैदानात ठेवण्याचा. खेळाडू बदलतात पण फट त्याच जागी पडते, उदाहरणार्थ दर वेळी डावाच कोपरा, तर प्रश्न आखणीचा आहे आणि तो कोचला विचारायचा. सगळे जागेवर, हात वर, तरीही बास्केट, असं असेल तर समोरचा संघ भारी पडला. कोचवरच्या टीकेचा निम्मा गोंधळ या तीन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे होतो.

आकडे घ्यायचे तर ‘किती गुण दिले’ हा आकडा बाजूला ठेवा. वेगात खेळणारा संघ जास्त गुण देणारच. शंभर पझेशनमागे किती दिले ते काढा. पझेशनचा अंदाज असा: समोरच्याचे फील्ड गोलचे प्रयत्न, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो, उणे आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट पुन्हा पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू). ८५ प्रयत्न, २० फ्री थ्रो, १० आक्रमक रिबाउंड, १४ टर्नओव्हर असतील तर ८५ + ८.८ − १० + १४ = ९७.८. गुण ११० दिले असतील तर शंभरामागे ११२.५. पूर्ण ०.५ न धरता ०.४४ धरतात, कारण बास्केटसोबतचा एक जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकलचा फ्री थ्रो यांनी पझेशन वेगळं संपत नाही.

समोरच्याच्या थ्रीच्या टक्केवारीवर एका सामन्यात मत बनवू नका. ३५ पैकी १८ पडले आणि नेहमीच्या ३६ टक्क्यांनी १३ पडले असते, तर फरक १५ गुणांचा, तोही बचाव अगदी तसाच असताना. बचावाच्या हातात असतं ते किती थ्री घेऊ दिले, कुठून आणि किती मोकळे.

कोचवर बोलताना

कोचचा निर्णय त्या क्षणी त्याला जे माहीत होतं त्यावर तोलायचा, चेंडू पुढे कुठे पडला त्यावर नाही. २०१३ च्या एनबीए फायनलचा सहावा सामना यासाठी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे, सामन्यात २८ सेकंद बाकी आणि आघाडी ९४-८९. कोच ग्रेग पोपोविच यांनी रिंगखालच्या उंच टिम डंकनला बसवून बोरिस डिआवला आत घेतलं. कारण स्वच्छ होतं. मायामी हीटला थ्रीच हवे होते आणि त्यांचा सेंटर क्रिस बॉशसुद्धा बाहेरून टाकू शकत होता, तेव्हा सगळ्या स्क्रीनवर स्विच करता येतील असे पाच जण हवे होते. स्विचची किंमत रिबाउंडमध्ये मोजावी लागते, आणि तसंच झालं. हीटच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री हुकला, चेंडू पुन्हा हीटकडे आला आणि लेब्रॉननेच दुसरा थ्री टाकला. मग स्पर्सच्या कवाय लेनर्डचा दोनपैकी एकच फ्री थ्रो पडला, ९५-९२. पुढच्या पझेशनलाही डंकन बाकावरच. लेब्रॉन पुन्हा चुकला, रिबाउंड बॉशने घेतला, मागे सरकत कोपऱ्यात गेलेल्या रे ॲलनला पास दिला, आणि ५.२ सेकंद बाकी असताना ९५-९५. हीटने तो सामना ओव्हरटाइममध्ये १०३-१०० असा आणि नंतर मालिकाही जिंकली.

‘डंकनला बसवलं म्हणून हरले’ ही टीका कच्ची आहे. पहिल्या वेळचा निर्णय समर्थनीय होता. दुसऱ्या वेळी मात्र तोच धोका काही सेकंदांपूर्वी कोचच्या डोळ्यांसमोर खरा ठरला होता, तरीही तीच पाच माणसं रिबाउंडला उभी राहिली. आक्षेप घ्यायचा तो इथे. तीन गुणांची आघाडी असताना फाउल का केला नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच मांडायला हवा. दोन्ही एका दमात फेकले की एकालाही उत्तर मिळत नाही.

उलट बाजूचं उदाहरण २०१९ च्या फायनलचा दुसरा सामना. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन जखमी होऊन बाहेर गेल्यावर टोरंटो रॅप्टर्सचे कोच निक नर्स यांनी बॉक्स अँड वन लावला: फ्रेड व्हॅनव्लीट एकटा स्टेफन करीच्या मागे आणि बाकी चौघे पेंटभोवती चौकोनात. शाळेच्या स्पर्धेत दिसणारी ही रचना फायनलमध्ये पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या. पण वॉरियर्सचा हल्ला गोठला. शेवटी दोघांनी करीला कोंडलं, चेंडू फिरून मोकळ्या आंद्रे इग्वोडालाकडे आला आणि त्याचा थ्री पडला, १०९-१०४. रॅप्टर्स सामना हरले, पण करीऐवजी इग्वोडालाला शॉट देणं हा सौदा योग्यच होता. ती मालिका त्यांनी ४-२ ने जिंकली.

टीका लिहिताना क्वार्टर, घड्याळ आणि खेळाडूचा नंबर द्या: “तिसरा क्वार्टर, ४:१२ बाकी, सात नंबरने टॅग केला नाही.” मग कोच दुसरं काय करू शकला असता ते लिहा, आणि त्या पर्यायाची किंमतही. सेंटरला चार फाउल असताना “त्याला का बसवलं?” असं विचारणाऱ्याने पाचव्या फाउलनंतर काय, हे सांगितलंच पाहिजे. फिबात पाच फाउलना खेळाडू बाद होतो, एनबीएत सहांना. “आळशी”, “मनच नाही” असले शब्द टाळा. मन दिसत नाही. चेंडू गेल्यावर पहिल्या तीन पावलांत तो धावला की चालला, ते दिसतं, तेच लिहा.

“टाइमआउट का घेतला नाही?” विचारण्याआधीही नियम पाहा. फिबाच्या सामन्यात टाइमआउट कोच किंवा पहिला सहायक कोच मागतो, आणि तो खेळ थांबल्यावर किंवा समोरच्याने बास्केट केल्यावरच मिळतो. चेंडू चालू असताना कोच साइडलाइनवर कितीही ओरडला तरी घड्याळ थांबत नाही. पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइमआउट असतात. त्यांतले किती उरले होते, हे स्कोअरशीटवर लिहिलेलं असतं.