सेलेनियम आणि यकृताचा कर्करोग : उंदरांवरील प्रयोग कसा वाचावा

सेलेनियम या खनिजामुळे यकृताचा कर्करोग टळतो, असे सांगणारा प्रयोग वाचताना निष्कर्षाआधी त्यातले वेळापत्रक शोधावे. अशा प्रयोगांत उंदरांना बहुधा डायएथिलनायट्रोसामीन हे कर्करोग घडवणारे रसायन देतात. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील एन्झाइम त्याचे रूपांतर अतिक्रियाशील रेणूंमध्ये करतात, हे रेणू डीएनएला चिकटतात आणि दुरुस्ती होण्याआधीच पेशी विभागली, तर तो दोष कायमचा होऊन बसतो. म्हणून सेलेनियम रसायनाच्या आधी दिले की काही आठवड्यांनी, याला महत्त्व आहे. आधी देऊन गाठी घटल्या, तर मूळ इजाच कमी झाली असू शकते. नंतर देऊनही घटल्या, तर बिघडलेल्या पेशींची वाढ रोखली गेली, असे म्हणायला आधार मिळतो. मला दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो, कारण घातक रसायन शरीरात केव्हा गेले, हे माणसाला सहसा कळतच नाही.

पुढे तुलनेच्या, म्हणजे जादा सेलेनियम न दिलेल्या गटाचे खाद्य पाहावे. उंदराला दर किलो खाद्यामागे साधारण ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम लागते. तुलनेच्या गटाला त्याहून कमी मिळाले असेल, तर प्रयोगातून फार तर कमतरतेचा तोटा सिद्ध होतो, जादा मात्रेचा फायदा नव्हे. पेरॉक्साइडचा निचरा करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागते खरे, पण गरज भागल्यावर या एन्झाइमची पातळी फारशी वाढत नाही.

मग मात्रेचे गणित स्वतः मांडावे. समजा, दर किलो खाद्यात २ मिलिग्रॅम सेलेनियम आहे. २५० ग्रॅम वजनाचा मोठा उंदीर (रॅट) दिवसाला २० ग्रॅम खाद्य खात असेल, तर त्याच्या पोटात ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे दर किलो वजनामागे १६० मायक्रोग्रॅम जातात. अशा उंदराची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने माणसासाठी बदलताना या आकड्याला ६.२ ने भागतात. ६० किलोच्या व्यक्तीसाठी उत्तर सुमारे १,५५० मायक्रोग्रॅम येते. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची शिफारस ५५ मायक्रोग्रॅमची आणि कमाल मर्यादा ४०० ची आहे. त्यापलीकडची मात्रा दीर्घकाळ घेतल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो.

शेवटी मोजमाप नेमके कशाचे केले, ते पाहावे. अनेक प्रयोग पूर्ण कर्करोगापर्यंत थांबत नाहीत. ते बदललेल्या पेशींचे सूक्ष्म पुंजके मोजतात, आणि असा प्रत्येक पुंजका पुढे गाठ होतोच असे नाही.