पासवर्ड भक्कम असूनही वर्डप्रेसमध्ये कोणी शिरू शकतं

वर्डप्रेसवर ब्लॉग असेल तर आधी डॅशबोर्ड उघडून ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ हे प्लगिन (साइटला सुरक्षेच्या सोयी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) आहे का ते बघा. आवृत्ती ९.०.० ते ९.१.१.१ यांच्यातली असेल, तर पुढचं वाचण्याआधी अपडेट करा.

तेव्हा चाळीस लाखांहून जास्त साइट्सवर असलेल्या या प्लगिनमधली चूक नोव्हेंबर २०२४मध्ये उघड झाली, तीही दुहेरी पडताळणीच्या (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवण्याच्या सोयीच्या) कोडमध्ये. पडताळणी फसली की एक फंक्शन त्रुटी कळवायचं, पण पुढचा कोड ती न बघताच नुसत्या युजर क्रमांकावरून लॉगिन करून द्यायचा. पासवर्ड कोणी विचारतच नव्हतं! ॲडमिनचा क्रमांक तर बहुतेकदा १ असतो. जास्त काळजी घेऊन ज्यांनी ही सोय चालू केली, नेमके तेच उघडे पडले, याचं फार वाईट वाटतं. दुरुस्ती ९.१.२मध्ये आली. म्हणून दुहेरी पडताळणी बंद मात्र करू नका.

अपडेट झालं तरी काम संपत नाही. घुसखोर स्वतःसाठी वेगळं खातं करून ठेवू शकतो. ‘युजर्स’मध्ये फक्त ॲडमिनिस्ट्रेटर निवडून प्रत्येक नाव ओळखीचं आहे ना ते पाहा. शंका आली, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधल्या सिक्युरिटी की आणि सॉल्ट, म्हणजे लॉगिन खरं आहे का ते ताडायला वापरली जाणारी गुप्त अक्षरं, बदला. चालू असलेली सगळी लॉगिन तिथेच संपतात, तुमचंही. मग पासवर्ड बदला.

न वापरलेली प्लगिन नुसती बंद ठेवू नका, डिलीट करा. फाइली सर्व्हरवर तशाच राहतात.