एक्स३२ मिक्सरचं राउटिंग कमांड लिहून कसं करावं

इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग आहे असं धरा. पद सुरू झालं की नटाच्या मॉनिटरमध्ये ऑर्गन हवा, गद्य आलं की नको. वीस पदं म्हणजे चाळीस वेळा बस (त्या मॉनिटरकडे आवाज नेणारी मिक्सरची वाट) निवडायची आणि फेडर शोधायचा. बेहरिंगर एक्स३२ या डिजिटल मिक्सरवर हेच काम ओएससीच्या, म्हणजे नेटवर्कवरून कमांड पाठवायच्या पद्धतीच्या, एका ओळीत होतं.

आधी जोडणी. मिक्सर आणि लॅपटॉप वेगळ्या राउटरला केबलने जोडा. मिक्सर पासवर्ड विचारत नाही, त्यामुळे सभागृहाच्या वायफायवर त्याला सोडू नका. सेटअपच्या नेटवर्क पानावर आयपी पत्ता दिसेल. पोर्ट यूडीपी १००२३. त्याच कंपनीचा एक्सआर१८ मिक्सर असेल तर १००२४.

ऑर्गन चॅनल ५ वर आणि नटाचा मॉनिटर बस ३ वर असेल तर टर्मिनलमध्ये, कमांड पाठवणाऱ्या ओएससीसेंड या छोट्या प्रोग्रॅमने (आयपी पत्ता तुमच्या मिक्सरचा घाला):

ओएससीसेंड १९२.१६८.१.५० १००२३ /सीएच/०५/मिक्स/०३/लेव्हल एफ ०.५

इथे देवनागरीत छापलंय. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी अंक. ‘सीएच’ ही दोन अक्षरं, ‘एफ’ हे एकच, म्हणजे पुढचा आकडा दशांशाचा. ०.५ म्हणजे निम्मा आवाज नव्हे, उणे १० डीबी. ०.७५ ला शून्य डीबी आणि १ ला अधिक १०. ‘जरासा वाढवू’ म्हणून ०.९ टाकलं की थेट अधिक ६ डीबी, आणि मॉनिटर शिट्टी मारतो.

पद संपल्यावर लेव्हल शून्यावर नेऊ नका. ‘लेव्हल’च्या जागी ‘ऑन’, ‘एफ’च्या जागी ‘आय’ (पूर्णांक) आणि पुढे ० लिहा. सेंड, म्हणजे चॅनलमधून बसकडे जाणारा आवाज, बंद होतो, जुळवलेली पातळी मात्र तशीच राहते. पुढच्या पदाला फक्त १.

सेंड प्री-फेडर (चॅनलच्या फेडरच्या आधी घेतलेला) हवा, नाहीतर सभागृहासाठी ऑर्गन खाली घेतला की नटाच्या कानातलाही जातो. त्यासाठी शेवटी ‘टाइप’, आय, ३. हे सेटिंग बसच्या जोडीचं असतं: ३ आणि ४ साठी मिळून ०३ वरच द्यायचं, ०४ चा पत्ता चालत नाही.

खरी जपायची जागा म्हणजे इनपुट ब्लॉक, आठ-आठ चॅनलना आवाज कुठून येतो ते ठरवणारं सेटिंग: /कॉन्फिग/राउटिंग/आयएन/१-८. यातला ‘आयएन’ मोठ्या अक्षरांत. मूल्य ० दिलं की मिक्सरच्या मागचे १ ते ८ माइक, ४ दिलं की एईएस५० ए या डिजिटल केबलच्या जोडणीवरचा स्टेजबॉक्स (रंगमंचावरची माइक जोडायची पेटी). एका कमांडने आठही चॅनलचा स्रोत बदलतो. ऐन पदात चुकलं तर तबला, ऑर्गन, गळा सगळंच गप्प. म्हणून ही ओळ साउंड चेकच्या आधी चालवा, सीन (मिक्सरची सगळी सेटिंग्ज) सेव्ह करा, आणि प्रयोगात चालवायच्या कमांडांच्या फाइलमधून ती काढून टाका.

कमांड लागली नाही तर मिक्सर तक्रार करत नाही. चुकीचा पत्ता तो मुकाट्याने गिळतो, आणि बहुतेक वेळा चूक एकच असते: ०५ ऐवजी ५. खात्रीसाठी मूल्य न देता नुसता पत्ता पाठवा. मिक्सर सध्याचं मूल्य परत धाडतो. पण उत्तर ज्या पोर्टवरून प्रश्न आला तिथेच येतं, आणि ओएससीसेंड पाठवून लगेच बंद होतो. त्यामुळे तपासणीला पायथनचा छोटा प्रोग्रॅम बरा, जो त्याच सॉकेटवर थांबून ऐकेल. कन्सोलवर हाताने हलवलेले फेडरही लॅपटॉपला कळायला हवे असतील तर ‘/एक्सरिमोट’ पाठवा. त्याची मुदत १० सेकंदांची, तेव्हा दर ८-९ सेकंदांनी पुन्हा पाठवत राहायचं.