रबरी राक्षसाला वजन येतं कुठून? जुने जपानी काइजूपट (महाकाय राक्षसांचे चित्रपट) पाहण्याची रीत

पोशाखाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात, विमानाला बांधलेली तार दिसते, तरी शहर कोसळायला लागलं की नजर हलत नाही. ही गंमत 'किती खोटं!' म्हणून हसण्यावर संपवू नका. दशावतारातल्या संकासुराच्या मुखवट्याआड कोण आहे हे माहीत असूनही गाव रात्रभर बसून राहतं. इथंही तसंच बसायचं, फक्त कुठे बघायचं ते ठरवून.

सुरुवात १९५४ च्या 'गोजिरा'नेच करा; गोजिरा हे गॉडझिलाचं मूळ जपानी नाव. दिग्दर्शक इशिरो होंडा, ट्रिकसीन एइजी त्सुबुराया यांचे. त्या वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने घेतलेल्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट लागला. त्यात विनोद नाही, भीती आहे. ती आधी पाहिली नाही, तर पुढे हाच प्राणी उड्या मारू लागतो त्याची मजा निम्मी कळते. प्रत निवडताना लांबी बघा: मूळ जपानी ९६ मिनिटांची आहे. ८० मिनिटांच्या आसपासची दिसली, तर ती १९५६ ची अमेरिकी आवृत्ती. तीत रेमंड बर यांचा पत्रकार मध्येच बसवला आहे आणि बॉम्बचे संदर्भ बरेच गाळले आहेत.

पाहण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू राहिलं तर फिल्मची लय जाते आणि दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. ब्राइटनेस आणि शार्पनेस वाढवू नका. रात्रीचे प्रसंग अंधारात ठेवले आहेत ते तारा आणि प्लॅस्टरचे सांधे लपवण्यासाठीही. १९६२ ते १९७५ चे गॉडझिलापट रुंद, २.३५:१ मापाचे आहेत, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. 'झूम' करून त्या घालवल्या, की दोघांच्या झुंजीतला एक राक्षस पडद्याबाहेर जातो. आवाज टीव्हीच्या बारीक स्पीकरवर सोडू नका. अकिरा इफुकुबे यांच्या संगीताचा सगळा जोर खर्जात आहे, तेव्हा निदान चांगला हेडफोन लावा. गॉडझिलाची डरकाळीही त्यांच्याच कल्पनेतली: डबल बासच्या सैल केलेल्या तारांवरून चामडी हातमोजा घासून ती काढली.

आता मुख्य गोष्ट, वजन. १९५४ चं टोकियो साधारण १:२५ प्रमाणात बांधलं होतं. २५ मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे २.२५ सेकंद घेतो, एक मीटरच्या प्रतिकृतीवरून सुटलेला ०.४५ सेकंद. फरक पाचपट, म्हणजे प्रमाणाचं वर्गमूळ. म्हणून पडझड खरी वाटायला कॅमेरा २४ ऐवजी १२० फ्रेम प्रतिसेकंदाच्या आसपास पळवावा लागतो आणि चित्रपट मात्र नेहमीच्याच वेगाने दाखवायचा. पडताळून बघा: इमारत कोसळण्याचा एखादा प्रसंग मोबाइलवर दुप्पट वेगाने लावा. टोकियो क्षणात खेळणं होतं. १९५५ च्या दुसऱ्या गॉडझिलापटातल्या झुंजी मधूनमधून चटचट उरकल्यासारख्या वाटतात, त्याचं कारण हेच: काही भाग कमी वेगाने चित्रित झाला.

पाणी आणि आग मात्र कुठल्याही वेगाला दाद देत नाहीत. थेंब आणि ज्वाळा यांचा आकार लहान करता येत नाही. म्हणून बंदरातल्या जहाजाभोवतीचे थेंब माणसाच्या डोक्याएवढे दिसतात. प्रतिकृती ओळखायची तर आधी तिथे बघा. मग कॅमेऱ्याची उंची बघा. तो रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्याजवळ असेल तर राक्षस अंगावर येतो, छपरांच्या वर गेला की टेबलावरचं गाव उघडं पडतं.

गॉडझिलाच्या पोशाखात होते हारुओ नाकाजिमा, १९५४ पासून १९७२ पर्यंत. पहिला पोशाख सुमारे १०० किलोचा होता. बाहेरचं बघायला मानेत भोकं ठेवलेली असत, तेव्हा गळ्याकडे नीट पाहा. चालीसाठी नाकाजिमांनी उएनो प्राणिसंग्रहालयात हत्ती आणि अस्वलं न्याहाळली होती, तो जडपणा त्यांच्या पावलांत उतरला आहे. १९६४ मध्ये आलेल्या किंग घिदोराची तिन्ही डोकी, पंख आणि दोन शेपट्या वरून तारांनी हलवल्या जात. एखादं डोकं क्षणभर भलतीकडे वळतं. ती चूक पकडा, पण तीन डोकी सतत जिवंत ठेवणाऱ्या हातांनाही दाद द्या.

यानंतर क्रम असा ठेवा: 'मोथ्रा विरुद्ध गॉडझिला' (१९६४), मग १९६५ चा परग्रहावरचा, ज्यात गॉडझिला जिंकल्यावर आनंदाने उड्या मारतो. मग १९७१ चा हेदोरा, प्रदूषणाच्या गाळातून उठलेला. यात गॉडझिला तोंडातून किरण सोडत मागे-मागे उडतो. शेवटी १९७३ चा मेगालॉन, शेपटीवर घसरत येऊन मारलेल्या लाथेसाठी. १९६९ च्या 'सर्व राक्षसांचा हल्ला'ने सुरुवात करू नका. त्यात जुन्या चित्रपटांतले तुकडे भरपूर जोडले आहेत, त्यामुळे झुंज चालू असताना गॉडझिलाचा चेहराच बदलतो आणि नवखा प्रेक्षक गोंधळतो.

लहान मुलं सोबत असतील तर 'गोजिरा' त्यांच्यासाठी नाही. इस्पितळातले प्रसंग आणि जळत्या शहरात पोरांना कवटाळून बसलेली आई त्यांना पेलणार नाही. त्यांना १९६७ चा 'गॉडझिलाचा मुलगा' किंवा दाइएई कंपनीचा उडता कासव गामेरा दाखवा.