श्वासनलिकेतला दाणा काढल्यानंतर या चुका टाळा

मुलाच्या श्वासनलिकेतला शेंगदाणा निघाला की ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे सैल होतात. दाणा गॉजवर ठेवून आईवडिलांना दाखवला जातो. माझी काळजी तिथून सुरू होते.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे, ॲड्रेनालिनचं नेब्युलायझेशन (सूज दाबणाऱ्या औषधाची वाफ) दिलं, श्वास घेतानाचा घशातला आवाज थांबला, की मूल वॉर्डात. श्वासनलिका 4 मिमीची असेल आणि चहूबाजूंनी 1 मिमी सूज आली, तर हवेची वाट पाऊण भागानं कमी होते. ॲड्रेनालिन ती सूज साधारण दोन तास दाबून धरतं, घालवत नाही. डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा असर यायला वेळ लागतो, म्हणून ते मी दुर्बीण (श्वासनलिकेत घालून दाणा काढायची नळी) घालण्याआधीच देतो.

दीड वर्षाची एक मुलगी. दाणा नऊ दिवस आत. त्यातल्या तेलानं आतलं अस्तर लालभडक झालेलं, हात लागला की रक्त. चिमट्यात धरताच दाणा फुटला आणि दुर्बीण चार वेळा आत-बाहेर करावी लागली. नेब्युलायझेशननंतर ती शांत झाली, अर्ध्या तासात वॉर्डात गेली. दोन तासांनी आई धावत आली, “सर, ही रडतीय पण आवाजच निघत नाय.” गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन मात्र 97 टक्के, कारण वरून ऑक्सिजन चालू होता. नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरानं लहान श्वासाची नळी टाकली, तीही कशीबशी गेली. दोन दिवसांनी नळी निघाली, मुलगी वाचली. तेव्हापासून असं मूल मी किमान चार तास नजरेसमोरून हलवू देत नाही. अंगातलं झबलं काढून छाती बघतो, मॉनिटर नंतर.

दुसरी चूक म्हणजे दाणा निघाल्यावर पुन्हा आत न बघणं. नवशिक्यांना इथेच घाई होते आणि मला त्याचा खरंच राग येतो. तुकडे गॉजवर जुळवून बघा. दाणा पूर्ण होतोय का? उजव्या बाजूचा तुकडा बाहेर ओढताना निसटून डाव्या, चांगल्या फुप्फुसातही जातो. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मी दुर्बीण परत देत नाही.

मूल पूर्ण जागं व्हायच्या आत दूध पाजू नका.

मानेची कातडी दाबल्यावर चुरचुरली किंवा श्वास अचानक बिघडला, तर हवा फुप्फुसाबाहेर गेली असू शकते. एक्स-रेची वाट बघत बसू नका, आधी वरिष्ठांना हाक मारा.

आणि घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही खोकला राहिला, एकाच बाजूला घरघर ऐकू आली, तर बालदमा म्हणून पंप लिहून देऊ नका. तुकडा राहिला असेल किंवा जखमेवर मांस वाढलं असेल. एक्स-रे चांगला आला तरी दाणा त्यात दिसतच नाही. दुर्बीण पुन्हा घालावी लागते. हे मी आईवडिलांना डिस्चार्जच्या दिवशीच सांगतो, कार्डावर मराठीत लिहूनही देतो.