सोयाबीनच्या पुढच्या वर्षाच्या भावाचा अंदाज कसा बांधायचा

दिवाळी झाली की गावाकडून फोन सुरू होतात, "मुनीमजी, सोयाबीन ठेवू का विकू?" लातूरच्या आडतीत पट्ट्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून विचारतात. मी अंदाज कसा बांधतो ते एकदा नीट लिहून ठेवतो. शंभर पानी वही पुरते.

सौद्याचा भाव म्हणजे आजचा भाव. पुढचं बघायचं तर त्याच्या पोटात काय आहे ते उघडून बघा. एक क्विंटल सोयाबीन तेल काढणाऱ्या प्लांटवर गेलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. समजा पेंड ३२ रुपये किलो आणि तेल १२० रुपये किलो आहे. पेंडीचे २,५६० आणि तेलाचे २,१६०, मिळून ४,७२० झाले. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक आणि प्लांटचा नफा वजा करा. उरतं तेवढंच प्लांट तुम्हाला देऊ शकतो. पेंड किलोमागे रुपयानं वाढली तर क्विंटलला ८० रुपये पडतात, तेल रुपयानं वाढलं तर फक्त १८. ही आकडेमोड आठवड्यातून एकदा वहीत करा. बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण ही चुकवू नका.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तेव्हा आता तेजी येणार असं जो तो म्हणू लागला. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२. हंगामात बाजार त्याच्याही खाली राहिला. तेल वाढलं होतं, पण पेंडीला उठाव नव्हता. जगात सोयाबीन भरपूर होतं. त्यात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा वाळवलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात पेंडीऐवजी घालायला स्वस्तात मिळत होता. म्हणून मी तेलाच्या बातमीआधी पोल्ट्रीवाले काय खरेदी करतायत ते विचारतो. ओळखीचा एखादा खाद्यवाला गाठा, तो दोन मिनिटांत सांगतो.

उलटा धडा २०२१ चा. भाव दहा हजारांच्या वर गेला, पोल्ट्री उद्योगानं ओरड केली, ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) पेंड आयातीला परवानगी दिली. डिसेंबरात बाजार नियामक सेबीनं सोयाबीनचे वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले, आणि त्या बंदीला पुढे मुदतवाढ मिळत गेली. तेव्हा तेजीचा अंदाज बांधताना सरकार मध्ये पडेल हे धरूनच वरचा आकडा लिहा. हे शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे, मला त्याचा राग येतो. पण रागावून अंदाज बदलत नाही.

आता वर्षभराच्या तारखा. एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज येतो, मेअखेर सुधारित. एल निनोचं (प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस कमी पडायची भीती असते, त्याचं) नाव निघालं की वहीत खूण करा; २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता आणि शेंगा भरायचा काळ तोच. पुढे खरिपाचा हमीभाव आणि पेऱ्याचे आकडे. काढणीच्या वेळी पाऊस झाला तर माल डागी होतो. चांगल्या आणि डागी मालातलं अंतर मग वाढतं, म्हणून दोन्ही भाव वेगळे लिहा.

त्यानंतर नजर ब्राझीलवर. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तिथं होतं, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, काढणी मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. जानेवारीत तिथं पाऊस बरा असेल तर "मार्चला वाढेल" म्हणून इथं माल धरण्यात मला अर्थ दिसत नाही. अमेरिकी कृषी खात्याचा मासिक अहवाल दर महिन्याच्या दहा-बारा तारखेच्या सुमारास येतो. त्यातला जागतिक शिल्लक साठा वाढतोय की घटतोय एवढं बघितलं तरी पुरे.

एकच आकडा कधी लिहू नका. खालचा, मधला, वरचा असे तीन लिहा, आणि प्रत्येकासमोर तो कशामुळे खरा ठरेल ते एका ओळीत. पुढच्या दिवाळीला ती ओळ काढून बघा. आकडा चुकला तरी कारण बरोबर होतं का, हे तपासा.

मग ठेवण्याचा खर्च लावा. ४,५०० च्या मालावर महिना एक टक्का व्याज धरलं तर ४५ रुपये, वर गोदामभाडं आणि वाळून घटणारं वजन. चार महिन्यांत दोनशेच्या वर गेलंच. तुमचा मधला आकडा आजच्या भावापेक्षा एवढा वर नसेल तर विकून मोकळे व्हा. वर असेल आणि पैशाची नड असेल तर बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे का विचारा. तिच्यात माल गहाण ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. तरीही सगळा माल धरू नका. मी घरच्यांना निम्मा हंगामातच विकायला लावतो, आणि उरलेल्याचा निर्णय जानेवारीत ब्राझीलचा पाऊस बघून घेतो.