सेजचा चहा पिताना या चुका टाळा

सेज म्हणजे चहात आणि स्वयंपाकात वापरली जाणारी एक सुगंधी पानांची वनस्पती. घसा दुखतोय म्हणून कोमट पाण्यात सेजच्या तेलाचे दोन थेंब टाकून प्यायचे, ही सगळ्यात घातक चूक. पानांचा चहा आणि तेल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तेलात सेजमधलं थुजोन हे रसायन एकवटलेलं असतं. ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा रिसेप्टरना अडवतं, चेतापेशींवरचा लगाम सुटतो आणि झटके येऊ शकतात. हे तेल पोटात गेल्याने मुलांना आणि मोठ्यांनाही झटके आल्याच्या नोंदी आहेत. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने थुजोनची मर्यादा दिवसाला ६ मिलीग्रॅम ठेवली आहे. ती तेलाच्या एका थेंबातही ओलांडली जाऊ शकते. बाटलीवर 'नॅचरल' लिहिलेलं असलं तरी!

चहाचं तसं नाही. पाण्यात थुजोन फारसं उतरत नाही. १ ते २ ग्रॅम सुकी पानं, १५० मिली उकळतं पाणी, वर झाकण, दहा मिनिटं. बस्स. आपल्याकडे काढा अर्धा आटवायची सवय असते. इथे ती नको. वास वाफेबरोबर जातो आणि टॅनिनमुळे चहा तुरट, कडू होतो. तुमचा चहा पिववत नसेल तर बहुधा हेच कारण. गुळण्यांसाठी मात्र दाट लागतो: १०० मिलीला २.५ ग्रॅम. तो थुंकायचा, गिळायचा नाही. आठवडाभरात घसा किंवा हिरड्या बऱ्या झाल्या नाहीत, तर डॉक्टर गाठा.

गरोदरपणी सेजचा औषधी चहा नकोच. अंगावर पाजणाऱ्या आईनेही टाळावा, कारण युरोपात दूध आटवायलाच तो पूर्वापार देतात. फिट येणाऱ्यांनी लांब राहावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर जास्त उतरू शकते. भाजीत, सूपमध्ये चार पानं पडली तर काही बिघडत नाही.

स्मरणशक्तीच्या जाहिरातींना भुलू नका. त्यावरचे अभ्यास आहेत, पण छोटे. अपचन, जास्त घाम, तोंड-घशाची सूज यांवरचा वापरही बराचसा परंपरेच्या आधारावरच मान्य झालेला आहे.

खरेदी करताना पाकिटावर 'साल्व्हिया ऑफिसिनॅलिस' हे नाव बघा. बागेतला लाल फुलांचा साल्व्हिया वेगळा, धुरीचा पांढरा सेज वेगळा, क्लॅरी सेजही वेगळा. कुंडीतल्या लाल साल्व्हियाची पानं चहात टाकू नका.